अण्णांचं हलकं अंथरूण

अण्णांनी सुरत सोडली ती सायकलवरून, आणि मी सोबत गेलो तो त्यांच्या हट्टापायी. प्लेगच्या साथीनंतरचा हिवाळा होता. अण्णा म्हणजे माझे थोरले भाऊ. उभी हयात सुरतेत लूमवर (यंत्रमागावर) काढून ते आता कायमचे साक्रीजवळच्या आमच्या गावी निघाले होते. तरुणपणी सुरतेला ते सायकलवरून आले होते. जायचं तेही सायकलवरूनच, थेट गावातल्या पारापर्यंत पायडल मारत, एवढा एकच ध्यास त्यांनी घेतला होता. वहिनी सामानासोबत टेम्पोतून पुढे गेल्या. "चळलेत तुमचे अण्णा, भाऊजी. सांभाळा," असं जाताजाता मला सुनावून गेल्या.

वाटेत मुक्काम होणार, म्हणजे अंथरूण-पांघरूण हवं. मी घोंगडी काढली. अण्णा म्हणाले, "ही मेंढी कॅरिअरवर बसवून नेतोस का? ठेव ती घरात." मग त्यांनी स्वतःची करामत दाखवली. साडीच्या पॉलिस्टर कापडाच्या दुहेरी पिशव्या शिवून घेतल्या होत्या, माणूस आत शिरेल एवढ्या, मधल्या पदरात थोडी कतरण (कापडाचे तुकडे) भरलेली. घडी केली की जेवणाच्या डब्याएवढी. आणि चाचणी घेतली कुठे, तर डिंडोलीच्या आमच्या पत्र्याच्या खोलीत, दारं-खिडक्या लावून, पलीकडे कारखान्याची तापलेली भिंत! तिथे उघड्या अंगालाही घाम फुटायचा.

"बघ, गरम आहे की नाही?"

"अहो, भट्टी आहे!" मी म्हणालो. सुरतेच्या कापडावर जगलेली माणसं आम्ही. त्या कापडावर शंका घ्यायचं आम्हाला सुचलंच नाही.

पहाटे निघालो. कडोदऱ्याला रस्त्याकडेच्या शेडमधून लूमचा खडखडाट येत होता. अण्णा सायकलवरून उतरले, जरा ऐकत उभे राहिले, "तिसऱ्या लूमचं काहीतरी बिघडलंय," म्हणाले आणि पुन्हा टांग मारली. बारडोलीच्या वाटेवर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती आणि हवेत मळीचा आंबूस वास भरला होता. तिथे झाडाखाली पोंक (ज्वारीचा कोवळा हुरडा) शेव-लिंबू घालून खाल्ला. "माझ्या गाडीत अजून दम आहे, मधू," अण्णा स्वतःची मांडी थोपटत म्हणाले. मी त्यांना इतकं खुशीत फार दिवसांनी पाहत होतो.

दिवस मावळायला व्यारा गाठलं. एका देवळाच्या ओटल्यावर (ओट्यावर) पथारी टाकली. शेजारी चहाची टपरी चालवणाऱ्या मासी आमच्या पिशव्या चिमटीत धरून हसल्या.

"भाई, आ तो साडी छे! गोदडुं (गोधडी) नथी लाव्या? मारे घेरथी आपुं (घरून देऊ)?"

मी हो म्हणणार, तोच अण्णा म्हणाले, "ना मासी, अमारुं कापड बहु गरम छे."

त्यांच्यापुढे मी कधी बोललोय? गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचं आजही वाईट वाटतं.

रात्रीचं काय सांगू! ते कापड इतकं गुळगुळीत, की जरा कूस वळली की माणूस ओटल्याच्या कडेला. आतून श्वासाचा नि अंगाचा ओलावा साचला, वरून दव पडलं. पहाटे उठलो तर दोघांच्या पिशव्या पिळून काढाव्यात अशा. अण्णांचे दात कडकड वाजत होते. "थंडी नाही रे, चहा नाही झाला म्हणून," ते म्हणाले.

सोनगडच्या अलीकडे ते उतरून सायकल हातात धरून चालायला लागले. अंग तव्यासारखं तापलं होतं. मी नागलीची (नाचणीची) भाकरी आणली, त्यांना एक घासही गिळवेना. बराच वेळ दगडावर बसून ते रस्त्याकडे पाहत राहिले, मग खालच्या आवाजात म्हणाले, "एस.टी. बघ." मला तिथेच रडू फुटलं. त्यांनी मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.

सायकली एस.टी.च्या टपावर चढवल्या, पुढे नवापूरला गाडी बदलली, आणि गावच्या फाट्यावर उतरलो. अण्णा सायकलचा आधार घेत पारापर्यंत चालले. माणसं जमली. "सुरतथून सायकलवर उना (आला)! वा रे गडी!" कुणीतरी ओरडलं. मी पटकन "हो, हो" म्हणून टाकलं. काय बिघडणार होतं?

"नही," अण्णा म्हणाले. "सोनगडलोंग (सोनगडपर्यंत) सायकल. मंग एस.टी." आणि सायकल पाराला टेकवून खाली बसले.

ताप उतरेपर्यंत मी राहिलो. निघताना वहिनींनी जाडजूड गोधडी माझ्या कॅरिअरवर करकचून बांधली. अण्णा फाट्यापर्यंत पोचवायला आले. मला राहवेना.

"अण्णा, पुढच्या थंडीत सुरतेला या. गोधड्या-घोंगड्या सगळं घेऊ. पुन्हा निघू, पारापर्यंत सायकलवरच येऊ."

ते हसले. घरची अहिराणी बोलत म्हणाले, "येडा शे का रे भाऊ? आते परत काय येवानं? मी ते घर येल शे."

घरी एकदा आलेल्या माणसाला पुन्हा घरी कसं आणायचं? सुरतेपर्यंत पायडल मारत मी तोच विचार करत होतो.