करीमभाईंचे आठशे वॅट

"सर, आठशे वॅट गेले," माझा एक जुना विद्यार्थी फोनवर म्हणाला आणि माझ्या तोंडून आधी हसूच फुटलं. खरं सांगतो. मी पुण्यात लेकीकडे होतो, सकाळचा चहा पुढ्यात होता. हे नाव ऐकलं की वीस-बावीस वर्षं माजलगावात कुणीही जसं हसतं, तसाच मीही हसलो. मग 'गेले' हा शब्द डोक्यात शिरला... करीमभाई गेले होते. मय्यतीला पोचणं शक्यच नव्हतं. नात विचारायला लागली, "आजोबा, आठशे वॅट म्हणजे कोण?" तर मला तिला धड सांगता येईना. आज इथे सांगायला बसलोय खरा, पण गुंता माझ्याच डोक्यात आहे, तेव्हा जरा सांभाळून घ्या.

करीमभाई आमच्या गल्लीतले, त्यांची साउंड सर्विस होती. लग्न असो, उरूस असो, साखर कारखान्याची सभा असो, भोंगे त्यांचेच. माईकवर 'हॅलो हॅलो' असलं काही ते करत नसत. एकदाच खाकरायचे, आणि तेवढ्यावरून कुठला भोंगा कुठे वळवायचा ते त्यांना कळायचं. मी ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवायचो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी औरंगाबादहून कॉम्प्युटर जुळवून आणला. गल्लीतला पहिला कॉम्प्युटर माझा, म्हणजे त्यातली अक्कल माझ्याकडेच असणार, असं सगळ्यांनी धरून टाकलं. मीही धरलं! आणि ते यंत्र निघालं मुकं. आवाजाला साउंड कार्ड वेगळं लागतं आणि स्पीकर वेगळे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

कार्ड घ्यायला बीडला दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला, "पांढऱ्या खाचेचं देऊ की काळ्या?" आता आली का पंचाईत! तसाच एसटीने परत आलो. करीमभाई खो खो हसले. "सर, कपडा शिवायच्या आधी माप घेतेत का न्हाई?" त्यांनी पेचकसाने कॉम्प्युटरचा डबा उघडला, कार्ड बसायची आतली रिकामी खाच शोधली, साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा तिच्या मापाने कापला, त्यावर 'पांढरी' असं लिहिलं आणि माझ्या खिशात घातला. तो पुठ्ठा दाखवून मी कार्ड आणलं. ते बसवून त्यांचा जुना हेडफोन लावला, तरी आवाज नाही. कार्ड खराब निघालं म्हणून मी दुकानदाराला शिव्या घालत होतो, तेवढ्यात करीमभाईंनी पिन उपटून शेजारच्या भोकात घातली. "माईकच्या भोकात घातलीती तुमी." आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा कॉम्प्युटरचं पोट उघडून बघणाऱ्या माणसाला एवढं कळत होतं, हे लक्षात ठेवा. कारण पुढचं मला कित्येक वर्षं उमगलं नाही.

स्पीकर मात्र मी एकटाच जाऊन आणले. दुकानात चार-पाच जोड्या होत्या, आणि काय बघून घ्यायचं ते मला ठाऊक नव्हतं. एका खोक्यावर ठळक छापलं होतं, ८०० वॅट. खाली बारीक इंग्रजीत आणखी काहीतरी होतं. ते मी वाचलं, पण समजलं नाही. घरी आलो तेव्हा शिकवणीची पोरं येऊन बसली होती, करीमभाईही आले. एक स्पीकर हातात घेऊन ते म्हणाले, "सर, एवढ्याशा डब्यात आठशे? माझं अँप्लिफायर शंभरचं हाय, त्यावर अख्खा उरूस ऐकतो." पोरांनी माझ्याकडे बघितलं. फिजिक्सचा मास्तर, 'मला माहीत नाही' कसं म्हणणार? म्हणालो, "करीमभाई, तंत्रज्ञान लई पुढं गेलंय. छापलेलं खोटं कसं असेल?" वर फळ्यावर एक सूत्रही लिहिलं. कसलं ते देव जाणे.

करीमभाईंनी स्पीकर पुन्हा तळहातावर तोलला. मग म्हणाले, "सर म्हणतेत म्हंजी असंल. पर मग खोलीत लावू नगा, काचा फुटतेल. मैदानात नेऊ." ऐकेनातच. शाळेच्या मैदानात बाज टाकली, लांबून वायर ओढली, कॉम्प्युटर मांडला. बघता बघता पन्नास-साठ माणसं जमली. करीमभाईंनीच सगळ्यांना दहा पावलं मागे सरकवलं. गाणं लागलं... आणि माठात माशी अडकावी तसा आवाज आला. मैदान हसून लोटपोट! "करीमभाई, आठशे वॅट!" माझ्याच शिकवणीतलं कुणीतरी ओरडलं. करीमभाईंनी कान धरले. "चूक आपली हाय बाबा. सर घरातच लावा म्हणलते, मीच ऐकलं न्हाई."

मी असं काहीही म्हणालो नव्हतो. आणि तरी मी बोललो नाही. हसलो, सगळ्यांबरोबर.

नाव चिकटलं ते चिकटलंच. आवाजातला शेवटचा शब्द ज्या माणसाचा, त्याला लोक भर लग्नात आठशे वॅट म्हणायला लागले. एका मोठ्या सभेचं काम तर 'त्यांना काय कळतंय आवाजातलं' म्हणून दुसऱ्याला गेलं. तरी ते माझ्याकडे चहाला येत राहिले. ह्यांना राग कसा येत नाही? एवढा हुशार माणूस माझ्या थापेला भुललाच कसा? दर वेळी वाटायचं, आज विचारू, आज माफी मागू... नाही जमलं. लाज वाटते, दुसरं काय.

करीमभाईंच्या चाळिसाव्याला, चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, माजलगावला गेलो. मनाशी ठरवूनच गेलो होतो. करीमभाईंच्या बायकोसमोर, भाबींसमोर बसलो आणि एका दमात सगळं ओकून टाकलं, की ते आठशे वॅट माझे होते, करीमभाईंचे नव्हते.

भाबींनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आता कशाला तरास करून घेता सर? ह्यांना तवाच मालूम होतं. हातात घेतल्याबरोबर कळलंतं म्हणे, वजनच न्हाई त्याला. घरी येऊन लई हसले."

मी विचारलं, "मालूम होतं तर मैदानात कशाला नेलं?"

"खोलीत वाजवलं असतं तर तुमी खोटे पडले असते. मोकळ्यात आवाज इरतो, मैदानात नेलं म्हंजी येडेपणा ह्यांचा झाला."

"अहो, पण मला तिथंच सांगायचं ना, की सर, हे खोटं हाय!"

"कसं सांगतेल? तुमची पोरं बसलीती ना समोर," भाबी म्हणाल्या.

निघताना मी दारात चप्पल घालायला वाकलो, आणि बराच वेळ तसाच वाकून राहिलो.