तीनदा विचारलेला प्रश्न

मला एका जागी बसता येत नाही. शिरूरला मामांकडे राहून शाळा केली, तेव्हा तिथले मास्तर म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे, हिला बाकावर बसवू नका, खुंटीला बांधा. पुण्याला इंजिनिअरिंगला गेले तरी तेच. वर्गात आम्ही दोनच मुली, त्यामुळे मी नुसता पाय हलवला तरी साऱ्या वर्गाला दिसायचं. आणि नापास झाले तीसुद्धा नेमकी बैठक मागणाऱ्या विषयात. प्रॉबॅबिलिटी आणि कोडिंग, म्हणजे शक्यतांचं गणित आणि निरोपाची खुणांत बांधणी, असा तो पेपर होता. ऑक्टोबरात तो सुटला नाही तर वर्ष गेलं, हे कॉलेजनं बजावून सांगितलं होतं.

विषय वाईट नव्हता. तारेतून निरोप पाठवला की वाटेत काही खुणा बिघडतात, शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. बिघाड होणारच हे धरून निरोप असा बांधायचा, की पलीकडच्याला चूक ओळखता यावी आणि जमलं तर सुधारताही यावी. त्यातली बाळबोध रीत म्हणजे एकच खूण तीनदा पाठवायची आणि बहुमत घ्यायचं. दोनदा हो आणि एकदा नाही आलं तर हो धरायचं. हे कधी चालतं? तर प्रत्येक चूक आपापली, एकटी, दुसरीशी काही देणंघेणं नसलेली असेल तेव्हा. आमचे सर हे वाक्य फळ्यावर लिहायचे आणि लगेच पुसायचे. मीही ते तसंच घेतलं.

सत्तरचं दशक अर्धं सरलं होतं. आबा, म्हणजे माझे वडील, दौंडला रेल्वेच्या यार्डात शंटिंगला, डबे जोडायच्या-सोडायच्या कामाला होते. सुट्टीत मी त्यांच्या क्वार्टरमध्ये फरशीवर चिंचोके मांडून अभ्यास करायची. फोडलेला चिंचोका एका बाजूनं पांढरा, दुसऱ्या बाजूनं काळा. उधळायचे, पांढरे किती पडले बघायचं, पुन्हा उधळायचे. मग ओळीनं मांडून त्यांचे निरोप करायचे, डोळे मिटून एखादा पालथा करायचा, ओळ न मोडता सगळे भरभर सरकवायचे आणि कुठला बिघडला ते शोधायचं. पाच मिनिटांत मी उठून दारात जायची, एक मालगाडी बघायची, परत बसायची. एकदा आबा कामावरून आले आणि चिंचोक्यांवरून ढांग टाकून आत जाताना म्हणाले, "खेळ हाय का अभ्यास?" मी म्हणाले, "अभ्यास." संपलं. पुन्हा त्यांनी कधी विचारलं नाही.

त्यांचा स्वभावच तसा होता. यार्डात त्यांनी हात वर केला की डबे थांबायचे. थांबू ना, असं परत विचारायला तिथं कुणाला सवड नसायची. घरीही तोच कायदा. आईनं "भाकरी वाढू?" विचारलं आणि ते हो म्हणाले, की आईनं वाढायची. "वाढू ना नक्की?" असं तोंडातून निघालं तर ताटावरून उठायचे. पुन्हा विचारणं म्हणजे माझ्या शब्दावर भरवसा नाही, असं ते म्हणायचे. मला याचा फार राग यायचा. माणसानं दोनदा विचारलं तर आभाळ कोसळतं का?

पावसाळा सरता सरता आबांच्या अंगावरून वारं गेलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. रेल्वेच्या दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा डावा हात तेवढा हलत होता, तोही कमजोर. डॉक्टर म्हणाले, सगळं ऐकू येतं, कळतं, तुम्ही बोलत राहा. मग आम्ही ठरवलं, आपण त्यांचा हात हातात घ्यायचा आणि विचारायचं. दाबला तर हो. सैल राहिला तर नाही.

आई एकदा विचारायची आणि कामाला लागायची. मला ते अडाणीपणाचं वाटलं. हाताचा काय भरवसा? दाबायचं असेल आणि जोरच लागला नाही तर? अखेर शून्य आणि एकच तर येत होते, आणि मधे बिघाड होता. मी घरात नियम केला, काहीही तीनदा विचारायचं आणि बहुमत घ्यायचं. पाणी हवं? दाबला. पाणी हवं? दाबला. पाणी हवं? सैल. दोन विरुद्ध एक, पाणी द्या. मला खरंच आनंद झाला. महिनोन्महिने डोक्यावरून गेलेला विषय वडिलांच्या खाटेशी बसून डोक्यात शिरला, हे सांगताना आज कसंतरी होतं, पण झालं तसं. हात किती वेळा चुकतो याचा अंदाज हवा म्हणून मी त्यांना उत्तर ठाऊक असलेले प्रश्नही विचारायची. "आबा, आपलं गाव वडगाव रासाई ना?" ते माझ्याकडे असे बघायचे, की बोलता येत असतं तर त्यांनी माझी खरडपट्टी काढली असती.

आई म्हणाली, "अगं, किती छळशील त्यांना?"

"छळत नाही, तपासते," मी म्हणाले.

पेपर तोंडावर आला तेव्हा चुलते आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणायचो. वडगावहून नावेनं नदी ओलांडून, केडगावला गाडी धरून आले होते. आल्या आल्या भावाच्या पायाशी बसले, डोळे पुसले आणि माझ्याकडं वळले.

"तू म्हंजी पुण्याला चाललीस व्हय?"

"पेपर आहे, आप्पा. नाही दिला तर वर्ष जाईल."

"वर्ष काय, फुडच्या साली परत यील. बाप परत यील का? चार दिस न्हाई थांबवत तुला? आन् तवर काय झालं बरंवाईट, तर?"

मला तडकून बोलायचं होतं. पण तीच भीती मलाही होती. मी गेले आणि मागं काही झालं तर, आणि मी नाही गेले आणि ते बरे होऊन माझ्या तोंडाकडं बघत राहिले तर. मला शिकवायचं त्यांनीच ठरवलं होतं. शिरूरला धाडलं तेव्हा सगळी भावकी नको म्हणत होती, हे आप्पा धरून. म्हणून मला एकच हवं होतं: ते काय म्हणतात ते नीट कळायला हवं. माझ्या मनातलं नको, आप्पांच्या मनातलं नको.

"विचार की त्यांनाच," आई म्हणाली.

दुपार होती. मी त्यांचा हात हातात घेतला. आप्पा पुढं सरकले. "आबा, पेपरला पुण्याला जाऊ?"

हात दाबला. चांगला दाबला.

पण एवढी मोठी गोष्ट मी एका दाबण्यावर सोडणार नव्हते. मी पुन्हा विचारलं. हात सैल राहिला. तिसऱ्यांदा विचारलं. सैलच. आबांनी डोळे मिटून घेतले.

"झालं," आप्पा म्हणाले, "न्हाई म्हणतोय त्यो."

"पहिल्यांदा व्हय म्हनले की," आई म्हणाली.

"दोन वेळा नाही म्हणाले, आई," मी म्हणाले. माझाच नियम होता, आता मोडायचा कसा? आवाज चढला होता माझा. चप्पल घातली आणि बाहेर पडले.

क्वार्टर, यार्डाची भिंत, स्टेशन, जिना, परत भिंत. किती फेऱ्या मारल्या कोण जाणे. ओळखीची माणसं थांबून वडिलांची चौकशी करत होती, मी चालता चालताच उत्तर देत होते. आधी आप्पांचा राग आला, मग आबांचा, मग डॉक्टरचा. पाय थांबत नव्हते आणि डोकं त्याच एका जागी अडकलं होतं: एकदा दाबला, दोनदा सैल.

मग मी त्यांना विचारलेले सगळे प्रश्न आठवू लागले. पाणी: दाबला, दाबला, सैल. गावाचं नाव: दाबला, सैल, दाबला. कूस बदलू का: दाबला, दाबला, सैल. जिथं उत्तर नाही असायला हवं तिथं हात तिन्ही वेळा सैल, नाहीला हो असं त्यांचं एकदाही झालं नव्हतं. चुका सगळ्या एकाच बाजूच्या, होचा नाही करणाऱ्या. आणि पहिल्या उत्तरात चूक आठवेना. एकही आठवेना. मी जिन्यावर मधेच थांबले, मागचा हमाल म्हणाला, "ताई, वाट द्या की."

हात चुकतच नव्हता. हाताला दुसऱ्यांदा विचारल्याचा राग येत होता. फळ्यावरचं वाक्य मी ऐकलं होतं, की चुकांचा एकमेकींशी संबंध नसला पाहिजे. पण इथं दुसऱ्या उत्तराला पक्कं माहीत होतं, की पहिल्यावर पोरीनं विश्वास ठेवला नाही. खाटेवर पडलेला, वाचा गेलेला माणूस रागवायचं तेवढं रागवत होता, आणि मी त्याला बिघाड समजून टक्केवारी काढत होते. मला हसूही आलं आणि रडूही. रडूच जास्त.

घरी आले. आप्पांना समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजी मघाशी न्हाई, ते आता व्हय झालं. बरं गणित हाय तुमचं, पायजे तसं वळतंय." पण मग माझ्या रडलेल्या तोंडाकडं बघून नरमले. म्हणाले, "त्यो पहिल्यापासून तसलाच. ल्हानपणी मीबी दोनदा इचारलं की दगड मारायचा. जा तू. मी हाय हितं."

आई भाकरी थापायला बसली. तिला पहिल्यापासून माहीत होतं आणि मी ऐकून घेतलं नव्हतं, एवढं तिच्या पाठीवरून कळत होतं.

सकाळी गाडीच्या वेळेला मी पिशवी खांद्याला लावून खाटेशी गेले. आता विचारायचं काही नव्हतं. उत्तर कालच मिळालं होतं, पुन्हा विचारून मी त्यांचा अपमान करणार नव्हते. आमच्यात जाते म्हणत नाहीत. मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "येते मी, आबा."

त्यांनी हात दाबला. इतका जोर त्या हातात आजारपणानंतर मी पाहिला नव्हता. मी वाट पाहिली. हात सैल होईना. ते माझ्याकडं बघत होते आणि धरूनच होते. यार्डात इंजिनाची शिटी झाली, तरी धरूनच.

"बघ, व्हय म्हनत्यात," आई म्हणाली. ती पदराला हात पुसत पुढं आली, खाली वाकली आणि एकेक करत त्यांची बोटं माझ्या हातावरून सोडवली. "पळ, गाडी जाईल."

मी पळाले. गाडी मिळाली, पेपर दिला, सुटला. पुढे हाच विषय मी मुलांना शिकवला, बरीच वर्षं. आबांनी आदल्या दुपारी हात दाबला तेव्हा ते जा म्हणाले, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण सकाळी ते हो म्हणाले असं आई म्हणते, तेव्हा मी गप्प बसते. सकाळी मी त्यांना काही विचारलंच नव्हतं.