सातव्या लूमचा आवाज

“तुझा वर्ग बंद कर, नाहीतर मले तरी घराबाहेर काढ,” सुकलाल खाटेवरून म्हणाला. “रातभर कारखान्यात कापडाचे लूम चालवायचे आणि दिवसा पोरींचं इंग्रजी ऐकायचं.”

“बारा वर्षं त्या खडखडाटात काढली, अन् चार पोरी सहन होत नाहीत?” साडीवर टिकल्या चिकटवत सरलाबाई म्हणाली. “पंधरा दिवसांवर बोर्डाची परीक्षा आहे. गेल्या साली चौघी इंग्रजीतच नापास झाल्या. आता राहिल्या तर घरचे सरळ लग्नं लावून देतील.”

बमरोलीच्या कामगार वस्तीतल्या त्या खोलीत आडोसा म्हणून एक पडदा होता, तो तिनं ओढून घेतला. बायको अमळनेरकडची, दहावी पास. पुढचं शिक्षण लग्नानं अडवलं. तरी जुना शब्दकोश मिळवून, हातातलं काम न सोडता तिनं तो घोटला होता, आणि गल्लीतल्या पोरींना फुकट शिकवत होती. सुकलाल हे कधी कुणाजवळ बोलला नव्हता.

पोरी आल्या. हिअर आणि लिसन यांतला फरक तीन दिवस चालू होता.

“कान तर तेच ना, बाई,” कविता म्हणाली, “मग शब्द दोन कशाले?”

सरलाबाईनं साडी मांडीवरून खाली ठेवली.

“लग्नाच्या वर्षी मी ह्यांचा डबा घेऊन कारखान्यात, लूमच्या खात्यात गेले. वीस लूम चालू. मला नुसता खडखडाट कानावर पडत होता. ते झालं हिअर, न मागता येतं ते. हे लूमकडे पाठ करून माझ्याशी बोलत होते. बोलता बोलता उठले अन् थेट सातव्या लूमपाशी गेले. तिथं धागा तुटला होता. तिकडे बघितलंही नव्हतं. ते लिसन. कान कुणाकडे तरी वळवावा लागतो, म्हणून लिसनच्या पुढं टू येतो. हिअरला नाही लागत.”

“काका वीस लूममधून एक ओळखतात?”

“आवाज बदलला की ओळखतात.”

चौघी वह्यांवर वाकल्या. चादरीखाली सुकलाल जागाच होता. तो दिवस त्याच्या ध्यानातही नव्हता. बारा वर्षांत मालकानंसुद्धा त्याचं हे कसब असं कुणाला सांगितलं नव्हतं.

पोरी गेल्यावर तो उठला. लेक गायत्री ताटं मांडत होती.

“उद्यापासून मी दिवसा आमच्या खात्यातल्या निंबाच्या खोलीत झोपीन,” तो म्हणाला. “त्याची दिवसपाळी आहे, खाट रिकामीच असते. वर्ग इथंच चालंल.”