मशीन अडलं, दोष माह्या बोटाले

गावच्या ग्रुपवाल्यांनो, आत्ताच कळंबहून आली अन् लिहून राह्यली.

सरकारी भावानं कापूस विकायचा तर नोंदणीले अंगठा लागते. चार दिवस माहा अंगठा मशीननं घेतला नाही. केंद्रावरचा ऑपरेटर म्हणे, "आजी, कापूस वेचून तुमच्या रेषाच गेल्या." मले वाटलं, असन. घरी लिंबानं बोटं घासली.

आज नात संग आली. ते कॉम्प्युटर शिकते. तिनं पडद्याकडं पाह्यलं अन् त्याले म्हणाली, "दादा, सकाळी रेशनचा प्रोग्राम उघडता, तो बंदच करत नाही. मशीन त्याच्याच ताब्यात राह्यते. मशीन चालवणारं सॉफ्टवेअर, ड्रायव्हर म्हणते त्याले, ते एका वेळी एकाच प्रोग्रामले मशीन देते. 'मशीन दुसऱ्या प्रोग्रामकडं आहे' असं पडद्यावर लिहून तर आहे!"

म्हणजे गावचा फवारणीचा पंप एकानं नेला अन् परतच केला नाही, तसं.

तिनं रेशनचा प्रोग्राम बंद केला. माहा अंगठा पहिल्या झटक्यात लागला. पण पडद्यावर आलं, नोंदणीची मुदत कालच संपली.

"आता व्यापाऱ्याले द्या," तो म्हणाला. मान वर केली नाही.

व्यापारी पडेल भावानं नेईन. ज्याले वाचता येते त्यानं वाचलं नाही, अन् मी चार दिवस बोटं घासत बसली. तुमच्यातल्या कोणाकोणाले असंच बोटाचं सांगून परत पाठवलं?