दोराच्या दोन्ही टोकांना

भूत, भानामती, करणी... या सगळ्याची मी आजवर टिंगलच करत आलोय. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, त्यामुळे तोंड जरा जास्तच चालतं. तरी हे लिहितोय. हसायचं तर हसा, तुमच्या जागी मीही हसलो असतो!

मुखेडपासून जवळच आमचं गाव. शेताची वाटणी झाली, विहीर मात्र दोघा भावांत सामाईक राहिली. पाण्याच्या पाळीवरून थोरल्या दादाचा आणि माझा वर्षभर अबोला होता. गेल्या उन्हाळ्यात मोटारीच्या पाइपाची जाळी गाळानं बुजली. विहिरीला पायऱ्या नाहीत, दादाचे गुडघे गेलेले, म्हणून मी उतरायचं ठरलं. आणि आमच्या गावची रीत अशी, की उतरणाऱ्याचा दोर रक्ताच्याच माणसानं धरायचा — परक्याच्या हाती जीव द्यायचा नाही. म्हणजे दादानंच.

आई म्हणाली, "आधी बोला रे दोघं. मनात आढी ठिवून दोर धरू न्हाई."

आम्ही दोघंही एकापेक्षा एक हट्टी. न बोलताच त्यानं माझ्या कमरेला गाठ मारली.

भर दुपार होती. खाली छातीइतकं पाणी. जाळी साफ केली आणि दोराला एक हिसका दिला — वर ओढायची खूण. अर्ध्यावर आल्यावर वर पाहिलं. काठावर दादा पाय रोवून ओढत होता, घामानं निथळत. आणि त्याच्या शेजारी... दादाच होता. तोच शर्ट, तीच वाढलेली दाढी. तो सावकाश विळ्यानं दोर कापत होता. माझ्याकडे बघत, अगदी मायेनं.

वर आलो तेव्हा दादा एकटाच होता. हातांची सालटी निघालेली. विळा कुठेच नव्हता, पण दोराचे दोन पीळ सरळ कापलेले.

"दोर का कापायलास रे?" मी ओरडलो. वर्षभरानंतर त्याच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

दादानं माझा दंड धरला. "म्या कापीन व्हय तुला? म्या जीव काढून वढायलो, अन् तूच मला खाली वढायलास! दोन व्हतास तू. एक दोराला लटकलेला... अन् एक खाली पाण्यात हुबा. दोर धरून मला वढायला. हासत व्हता रे!"

आई पाणी घेऊन धावत आली, तेव्हा आम्ही एकमेकांकडे बघत मातीत बसून होतो.

विहिरीत हवा कोंदट असते, डोक्याला कमी पडली की माणसाला काहीबाही दिसतं, असं मी स्वतःला हजारदा समजावलं. पण दादा तर वर मोकळ्या हवेत होता. आणि ते पीळ? दगडाला घासला तर दोर विस्कटतो, असा सरळ कापला जात नाही. उत्तर अजून सापडलेलं नाही.

अबोला मात्र त्याच दिवशी सुटला. आता रोज फोन होतो, पाण्यावरून शब्द निघत नाही. खरं सांगायचं तर आम्ही एकमेकांना भितो. त्या दुपारी दोघांतला कोणता मी वर आलो, हे दादानं कधी विचारलं नाही. काठावर कोणता दादा उरला, हे मीही विचारलेलं नाही.