आकडा थांबेपर्यंत

डोक्यावरचा लाकडी माळा पाळण्यासारखा झुलत होता आणि त्याच्याखाली लॅपटॉप घेऊन बसलेला तो माणूस मला म्हणाला, “आजी, आकडा अजून थांबला नाही.”

माळा हलतो म्हणून इतवारीतल्या आमच्या चक्कीवाल्याने त्याला कॉलेजातून बोलावलं होतं. मी दळण घेऊन बसले होते. माळ्याच्या आडव्या कड्या-फळ्यांचं त्याने भलंमोठं कोष्टक केलं होतं. त्या कोष्टकाने आकड्यांच्या एका रांगेला गुणायचं, जे येईल त्याला पुन्हा गुणायचं, उत्तर बदलायचं थांबेपर्यंत. थांबलं, की कळणार माळ्याचा स्वतःचा झुलण्याचा वेग. चक्कीच्या हादऱ्यांचाही तोच निघाला तर माळा खाली. मी चौथी शिकलेली. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं मलाही येतं, पण त्याला कोणी विद्या म्हणत नाही.

तो चष्मा वर सारायचा, बटणांवरचं पीठ फुंकायचा आणि पुन्हा वाट पाहायचा.

“काहून थांबला गा तू? चक्की बंद कर,” मी चक्कीवाल्याला म्हटलं.

“साहेबाचा हिशोब होऊन राहिला, मावशी. आकडा आला की करतो.”

वरची कडी कडाडली. मी दोघांचे शर्ट धरून त्यांना रस्त्यावर ओढलं आणि मागे माळा कोसळला. लॅपटॉप त्याने सोडला नव्हता. पिठाने पांढरं झालेलं तोंड वर करून तो म्हणाला, “थांबला. वेग तोच आहे. माळा पडेल.”

“बरं झालं सांगितलं,” मी म्हटलं. “आता जपून राहू.”

उत्तर बरोबर होतं, हे मान्य करायला हवं. माझे गहू गेले. चक्कीवाला, तो आणि मी, तिघंही वाचलो.