मामाजीचा पितळी लायटर

बोरगाव मेघेपासून कारंज्यापर्यंत मायापाशी हायेत तेवढे जुने लायटर कोनापाशी नसन, हे मी छाती ठोकून सांगतो. त्यातला पेटत एक बी नाई.

परवालोक अकरा होते. फेकाचे पलास्टिकचे नाईत बरं, जुने, भराचे. काही पेट्रोलचे, काही ग्यासचे. एकावर घोडा कोरला हाय. एकाचं झाकन उघडलं का गानं वाजे म्हंते, म्या कवा आयकलं नाई. बायकोच्या बांगड्याच्या डब्यात मखमल टाकून ठेवले हायेत. तिच्या बांगड्या सध्या बिस्किटाच्या डब्यात राह्यते. दर आयतवारी मी लायटर काढतो, चिंच लावून घासतो, उन्हात मांडतो अन् कोनी विचारन म्हणून दारात बसतो. आतालोक एकानंच विचारलं, तो भंगारवाला होता.

आता मेन गोष्ट सांगतो. मी बिडी पेत नाई. शिगरेट बी नाई. मी तंबाखूचा खर्रा खातो. खर्र्याले सुपारी लागते, चुना लागते, घोटाले पन्नी लागते. आग लागत नाई. म्हणजे घरात अकरा लायटर अन् पेटवाले काईच नाई. देवाजवळचा दिवा बायको माचिसनं लावते. ग्याससाठी तिचा तो लांब टकटक करनारा हाय. तो पयल्या टकमधीच पेटते, म्हणून मी त्याले लायटर मानत नाई.

धंदा माया ऑटोचा. चौथीत शाळा सोडली. शाळेले विचारान तं ती म्हनन, आमीच सोडलं याले. ऑटोत कोनी म्हनलं, "भाऊ, माचिस हाय का?" का मी गाडी बाजूले घेतलीच समजा. एकदा एका सवारीले टेशनवर जाचं होतं. म्या खिशातून घोड्यावाला काढला अन् पंधरा-वीस खेपा आंगठा मारला. मंग त्याले समजावून सांगाले लागलो का हा जुना माल हाय, याले जरा हातात धरून गरम करा लागते. तो म्हने, "भाऊ, मी बिडीच सोडतो. आता तरी नेता का मले टेशनवर?"

या अकरातला एक मातर माया नोता. तो माया सासऱ्याचा. आमी सासऱ्याले मामाजी म्हंतो. त्याईचं अल्लीपूरले कापसाचं वावर हाय. तरनेपनी मामाजी कारंज्याले बहिनीच्या वावरात वखराले गेलते. हायवेच्या बाजूले एक ट्रक चिखलात फसला. मामाजीनं आपली बैलजोडी जुपली, ट्रक काढून देल्ला. ड्रायव्हर खुश झाला, अन् त्यानं खिशातला पितळी लायटर काढून त्याईच्या हातावर ठेवला. मामाजीनं जिंदगीभर बिडी त्याच्यावरच पेटवली. झाकन उघडलं का खट्ट, आंगठा मारला का पिवळी ज्योत. वाऱ्यात बी हाले नाई.

मंग डॉक्टरनं बिडी बंद केली. म्हातारा तीन दिवस नुसताच लायटरचं झाकन उघडे अन् लावे. चवथ्या दिवशी मले बलावलं अन् लायटर माया हातात देल्ला. म्हने, "जवाई, मी बिडी सोडून राह्यलो, लायटर नाई. घरात राह्यला तं हात तिकडंच जाते. तुमी बिडी पेत नाई, म्हणून तुमाले देतो. फक्त जिता ठेवजा. म्हैन्याले दोन थेंब पेट्रोल टाकजा, एकदा पेटवजा. मी आलो का मले पेटवून दाखवजा. बस, तेवढंच मांगतो."

म्या म्हनलं, "मामाजी, जिवापाड सांभाळीन."

अन् नेऊन बांगड्याच्या डब्यात ठेवला. चार वर्ष घासला. पेटवला एकदाबी नाई. पेटवला तं काया पडते ना! आमी अल्लीपूरले गेलो का मामाजी विचारे, "आनला का?" मी म्हनो, "गडबडीत घरी राह्यला." चारही वर्ष मले गडबडच होती.

यंदा मामाजीच्या डोयात मोतीबिंदू झाला. ऑपरेशन वर्ध्याले कराचं ठरलं. फोन आला, "येत्या बिस्तरवारी, गुरुवारी, येतो. डोयाले पट्टी बांधाच्या आंधी एकदा लायटर पेटलेला पायतो. भरून ठेवजा."

फोन ठेवला अन् म्या लायटर काढला. झाकन खट्ट. आंगठा मारला, तं चाक फिरलंच नाई. चिंच आत जाऊन वाळली होती.

म्हनलं, काई फिकीर नाई. ऑटो दुरुस्त करतो तं हे काय मोठं? तळ काढला. आतमधी कायं-पिवळं कापसासारखं काईतरी ठासलं होतं. म्हनलं, येवढी घान! चिमट्यानं सगळं ओढून नालीत फेकलं. मांगून समजलं का तीच तं लायटरची जान होती, पेट्रोल धरून ठेवनारी. इस्क्रू काढला तं इस्प्रिंग उडाली अन् ती बी नालीत गेली. म्या चाकातली चिंच सुईनं खरडली अन् बायकोच्या पेनातली इस्प्रिंग काढून घातली.

आता आत भराले कापूस पायजे. तो काय आपल्याकडं कमी हाय? मामाजी दरसाल वावरातला पिशवीभर कापूस पाठवते, बायको देवाच्या वाती करते. म्या पिशवीत हात घातला अन् बोटानं ठासाले लागलो.

बायको म्हने, "आवो, सरकी तं काढा त्यातली. मी वातीचा कापूस बी पयले साफ करतो."

म्या म्हनलं, "तू मले कापूस शिकवतं? जिल्हा कापसाचा हाय आपला."

"जिल्हा हाय. तुमी कवा येचला?"

म्या कापूस आनखी ठासला. तिचीच एक वात उचलली, ओवली, पेट्रोल वतलं अन् आंगठा मारला. पेटला! आयच्यान पेटला! मी आंगनात नाचलो. नाचता नाचता विझला, तो विझलाच. मंग म्या अजून पेट्रोल वतलं. सरकीनं सगळी जागा धरली होती, पेट्रोल राह्यन कुठी? म्या आपला वतूनच राह्यलो अन् गच्च भरला असं समजून पँटीच्या खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी मांडी अशी भाजली का मी अर्धा उभा राहून ऑटो चालवला. मांगून एक बाई म्हने, "भाऊ, पेट्रोल गळून राह्यलं वाट्टे तुमच्या गाडीचं." म्या म्हनलं, "गाडीचं नाई, काकू." ती पुढच्याच चौकात उतरली.

बिस्तरवारी मामाजी आले. हात-पाय धुतले, चहा घेतला अन् खुर्ची दाराच्या उजेडात सरकवली. म्हने, "आना, जवाई."

मले एक हुशारी सुचली. डब्यात तसाच दिसनारा दुसरा एक पितळी होता. डोयात मोतीबिंदू हाय, काय समजते? म्या तोच हातात देल्ला. मामाजीनं झाकन उघडलं, बंद केलं. एकदाच.

"हा माया नोय."

"तोच होय, मामाजी. घासला ना, म्हणून तसा वाट्टे."

"डोया गेला माया, जवाई. कान हाय."

बायको ग्यासजवळून हासली. मले गुपचूप खरा आनून द्या लागला. मामाजीनं झाकन उघडलं, खट्ट. त्याईचं तोंड असं खुललं का मले वाटलं, आता पेटलाच. त्याईनं आंगठा मारला. पुन्हा मारला. पेनाची इस्प्रिंग आतमधी कुईकुई करे, ठिनगी काई पडे ना. चार-पाच डाव झाल्यावर मामाजी थांबले. मी म्हनलं, "द्या, मी..." त्याईनं हात मांगं घेतला.

मंग त्याईनं नखानं तळ काढला. कापूस बोटानं ओढला. तळहातावर झाडला. एक सरकी, दोन, पाच, सात. डोयाजवळ नेऊन पायली, नाकाजवळ नेली.

"हे तं माया वावरातली सरकी होय."

म्या म्हनलं, "घरचाच कापूस वापरला, मामाजी. बाहेरचा नाई." मले वाटलं, याच्यावर तरी खुश होईन म्हातारा.

मामाजीनं सरकी पुसून आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकली. उघडा लायटर रुमालात गुंडाळला अन् तो बी खिशात ठेवला. मंग आपल्या पोरीले, माया बायकोले, हाक मारली, "बाई, गाडीत बसतो चाल, दवाखान्यात उशीर होईन." उठले. दारात थांबले, अन् मायाकडं न पायताच म्हनलं,

"जवाई, म्या तुमाले दोनच चीजा देल्त्या सांभाळाले. पोरगी आपलं आपन सांभाळते, म्हणून ती तरी धड हाय."